कोणता गेम खेळतोस रे?

घरी पाहुणे आले की आपण पोरांची ओळख करून देतो. ही कथक शिकते. हा तबल्याच्या परीक्षेला बसलाय. मोठीचा चित्रकलेत हात चांगला आहे. आणि ज्याला गेम आवडतात, त्याची ओळख काय? "हा ना, याला मोबाईलशिवाय दुसरं काही सुचत नाही." एवढं बोलून आपण पोह्यांच्या बशा आणायला आत जातो. पोरगं तिथंच बसलेलं असतं आणि ऐकत असतं.

यात आपल्या मनात वाईट काही नसतं, काळजीच असते. आपल्या काटोलात शाळेच्या गेटवर, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत जिथे म्हणून आईबाप भेटतात, तिथे बोलणं फिरून गेमवर येतं. प्रत्येक जण वैतागलेला आणि आतून थोडा घाबरलेला. म्हणून वाटलं, आपण आपसात मोकळेपणानं बोलावं. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. माझ्याही घरात रोज संध्याकाळी हाच विषय असतो.

आधी आपल्याच दिवसाकडे बघू. कोणी पहाटेच्या गाडीनं नागपूरला नोकरीला जातं, कोणी दिवसभर वावरात, कोणी दुकानात. संत्र्याची तोडणी सुरू असली की जेवणाचीही शुद्ध राहत नाही. रात्री घरी आलं की अंगात त्राण नसतं. मग मालिका लागते. आयपीएल असली तर शेवटच्या ओव्हरपर्यंत मॅच, आणि पाठ टेकल्यावर रील्स. याला आपण विरंगुळा म्हणतो. राबणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहेच.

पोरगंही शाळा, ट्यूशन, गृहपाठ करून दमलेलं असतं. त्याच्या विरंगुळ्याला मात्र आपण टाइमपास म्हणतो, राग आला की व्यसन म्हणतो. तेच पोरगं आपल्याशेजारी बसून अख्खी क्रिकेटची मॅच बघतं, तेव्हा आपण काहीच म्हणत नाही. उलट, "बस बस, कोहली खेळून राहिला," म्हणून त्याला बोलावून घेतो. मॅच बघताना तो नुसता बघत असतो. गेममध्ये डोकं लावून काहीतरी करत असतो. तरी आपल्या मनात क्रिकेटला पाट मिळतो आणि गेमला दाराबाहेर उभं राहावं लागतं.

मुलाला हे कळतं का? फार लवकर कळतं. कितीतरी संध्याकाळी हरून हरून एक दिवस त्याची टीम जिंकते. तो उड्या मारत स्वयंपाकघरात येतो, "आई, बूयाह आला! शेवटी मी एकटाच उरलो होतो, तरी जिंकलो!" आपल्या एका हातात लाटणं असतं, कुकरची शिट्टी व्हायची असते. आपण म्हणतो, "एवढंच डोकं गणितात घातलं असतं तर?"

त्याचा चेहरा उतरतो. आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपली नजर तव्यावर असते.

असं काही वेळा झालं की तो सांगणं सोडून देतो. मग पांघरुणात, गच्चीवर, मित्राच्या घरी खेळतो. आणि आपण म्हणतो, "आता लपवायलाही लागलाय." मला वाटतं, यात पोराचं खोटेपण कमी आणि दुखावलेपण जास्त असतं. जी गोष्ट त्याला मनापासून आवडते तिची आपल्या घरात किंमत नाही, एवढं त्याला कळून चुकलेलं असतं. त्यावर तो आपल्याशी भांडत नाही, फक्त त्याच्या जगाचं दार आपल्यासाठी लावून घेतो. नेमकं त्याच जगात कोणी त्याला त्रास दिला, कोणी पैसे मागितले, कोणी अनोळखी माणूस गोड बोलू लागला, तर ते तो आपल्याला सांगेल कसा?

आपल्या भागातल्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. नवतपा लागला की दुपारी बारा ते पाच आपणच पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. दारं लावलेली, कूलर चालू, मोठी माणसं झोपलेली. अशा दुपारी आपण लहानपणी काय करायचो? पत्ते, कॅरम, चिंचोके घेऊन अष्टाचंगा. पत्त्यांवरूनही बोलणी खाल्लीच की आपण! "पत्ते कुटणारी पोरं वाया जातात" हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. सापशिडी मात्र चालायची. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. खेळातून काही सांगता येतं, हे आपल्या मातीला नवं नाही.

नव्या करमणुकीकडे नाक मुरडणंही नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा पडद्यावर दिसायला बायका तयार होईनात. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी तारामती केली. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. त्या काळच्या चांगल्या घरांत याची केवढी चर्चा झाली असेल! याच कमलाबाई गोखल्यांचे नातू विक्रम गोखले, ज्यांचं काम बघायला आपण टीव्हीसमोर आदरानं बसायचो. आणि 1969 पासून आपल्या देशात सिनेमातला सगळ्यात मोठा सन्मान दिला जातो, तो फाळक्यांच्याच नावानं.

तमाशाचं, आपल्याकडच्या खडीगंमतीचं तसंच. आज त्यांना लोककला म्हणून मंचावर बोलावतात. कधीकाळी ती बघायला पोरं घरच्यांची नजर चुकवून जायची.

गेमचंही उद्या असंच होईल, असं म्हणून मला मोकळं व्हायचं नाही. बऱ्याच अंशी ते झालंच आहे आणि आपल्या घरापर्यंत फक्त त्याची बातमी आली नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं 2012 मध्ये 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात पॅक-मॅन होता, टेट्रिसही होता, तोच वरून पडणाऱ्या विटांचा खेळ, जो आपण लहानपणी जत्रेतून आणलेल्या छोट्या यंत्रावर खेळायचो. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुस्तक, नाटक, सिनेमा यांना अभिव्यक्तीचं जे संरक्षण आहे, तेच गेमलाही आहे. आणि एका गेमसाठी रचलेल्या 'बाबा येतू' या गाण्याला 2011 मध्येच ग्रॅमी मिळालं.

हे झालं दूरचं. जवळचं बघा.

28 जुलै 2025 ला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बटुमीला महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकली. वय 19. अंतिम लढतीत समोर कोनेरू हम्पी. त्या विजयानं ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. सगळ्या जिल्ह्याची मान ताठ झाली, कितीतरी घरांत बुद्धिबळाचे पट बाहेर निघाले. त्याच आठवड्यात तिकडे रियाधला ई-स्पोर्ट्स विश्वचषक चालू होता, जिथे जगभरचे व्हिडिओ गेम खेळणारे जमतात. त्यात त्या वर्षी पहिल्यांदा बुद्धिबळही होतं, संगणकाच्या पडद्यावर खेळलं जाणारं. मॅग्नस कार्लसन जिंकला, आपला अर्जुन एरिगैसी चौथा आला. खेळ तोच, सोंगट्या त्याच. पटावर खेळलं की बुद्धी आणि पडद्यावर खेळलं की डोळे फुटणार, असं वेगळं काढायला गेलं तर आता अवघड जातं.

सरकार दरबारीही गेमला जागा झाली आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स नुसतं प्रदर्शनापुरतं होतं. तिथे भूजच्या तीर्थ मेहतानं कांस्य मिळवलं. 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची रीतसर पदकं होती. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं अनेक खेळांच्या स्पर्धांमधलं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं.

आणि अगदी आपल्या शेजारची गोष्ट. नागपुरातून सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाताना उमरानाला लागतं. तिथली पायल धारे गेम खेळत लोकांशी गप्पा मारायची, ते प्रक्षेपण देशभरातले लाखो लोक बघू लागले. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमर्सना भेटायला बोलावलं. त्यात आपला मिथिलेश पाटणकर होता, नमन माथुर होता, आणि मुलगी एकच, पायल.

तिचं नाव मी एका खास कारणानं घेतलं. मुलगा गेम खेळतो म्हणून आपण निदान ओरडतो तरी. मुलगी खेळते हे कित्येक घरांत माहीतच नसतं. ती मुलाचं नाव लावून खेळते, माईक बंद ठेवते, कारण आवाज ऐकला की समोरचे काहीबाही बोलतात. हे ती घरात बोलली तर आपण पहिल्यांदा फोन काढून घेऊ, हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती एकटीच सोसते. तुमच्या घरात मुलगी असेल तर तिलाही एकदा विचारून बघा. उत्तर ऐकून लगेच काही ठरवू नका, नुसतं ऐका.

पायलसारखं आपल्या पोरानंही व्हावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तशी मोजकीच माणसं होतात. क्रिकेट खेळणारं प्रत्येक पोरगं भारताच्या टीममध्ये जात नाही, तरी आपण त्याला बॅट आणून देतो ना? "यातून करिअर होईल का?" हा प्रश्न गेमलाच लावायचा आणि अंताक्षरीला, मालिकेला, पतंगाला लावायचा नाही, हे मला पटत नाही. आवडतं म्हणून खेळलं, मन ताजं झालं, चार मित्र जोडले गेले, एवढंही पुरेसं असतं की.

आता मला जे खरं खुपतं ते सांगते. आपण सिनेमाला मान देतो, पण सगळ्या सिनेमांना एका पारड्यात तोलत नाही. कोणता बघायचा, कोणता पोरांसमोर लावायचा नाही, कोणता दोनदा बघावा, हे आपल्याला कळतं. पुस्तकांचंही तसंच. गेमच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एकच शब्द आहे, 'मोबाईल'. तो रंग जुळवतोय की गोळ्या झाडतोय, शहर वसवतोय की पैसे लावतोय, सगळं आपल्याला सारखंच. ज्याला मान नाही त्याची पारख नाही, आणि पारख नसली की पोराला दिशा तरी काय दाखवणार? मग एकच उपाय उरतो, हिसकावून घ्यायचा.

आणि पारख करण्यासारखं आहे हो खूप काही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी' नावाचा गेम केला, 2020 मध्ये आला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. महाल, भिंतींवरची चित्रं, बाहुल्यांच्या सावल्या, सगळं आपल्याकडचं. त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पहिल्याच गेमसाठीच्या विभागात त्याला नामांकन होतं.

दुसरा 'वेनबा'. हा मला आईबापांनी मुद्दाम बघावासा वाटतो. 1980 च्या दशकात कॅनडात जाऊन राहिलेलं एक तमिळ कुटुंब. वेनबा ही आई. तिच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली, आणि खेळणाऱ्यानं त्यातून ओळखत इडली, बिर्याणी करायची. मधल्या काळात मुलगा कविन मोठा होत जातो, घरच्या भाषेपासून, घरच्या जेवणापासून तुटत जातो. आईला ते दिसत असतं, बोलता येत नाही. दीड-दोन तासांत संपतो हा गेम. 2024 मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचा पदार्पणातल्या गेमसाठीचा पुरस्कार मिळाला. यात एकही बंदूक नाही आणि डोळे ओले होतात. चांगल्या कथेनं व्हावेत तसेच.

अडचण अशी की हे दोन्ही गेम मुख्यतः संगणकावर नाहीतर गेमच्या यंत्रावर खेळायचे, विकत घ्यायचे. आपल्या पोरांच्या हातात असतो आपला जुना, काच तडकलेला फोन. त्यावर येतं ते फुकटातलं. म्हणजे त्यांची आवड वाईट आहे असं नाही, त्यांच्यापर्यंत पोचतंच तेवढं. गावात लायब्ररी नसेल आणि बसस्टँडवर एकाच तऱ्हेची पुस्तकं मिळत असतील, तर वाचणाऱ्याला काय दोष द्यायचा?

फुकटच्या गेमचं गणित समजून घेण्यासारखं आहे. गेम उतरवायला पैसे लागत नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो. कंपनी कमावते ती आतल्या दुकानातून. पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग, चार दिवसांतच संपणारी एखादी 'ऑफर', नशिबाचं चक्र. त्यासाठी फ्री फायर मॅक्स या गेममध्ये 'डायमंड' लागतात, बीजीएमआय या गेममध्ये 'यूसी' लागतात, आणि ते खऱ्या रुपयांनी घ्यावे लागतात. त्या कपड्यांनी खेळात काही फार फरक पडत नाही. पण वर्गातल्या सगळ्यांच्या पात्राला भारी जाकीट आहे आणि आपल्याच पात्राला साधं, हे पोराच्या मनाला टोचतं. आपल्याला नव्या बुटांसाठीचा हट्ट कळतो, हा कळत नाही. दोन्हींत दुखतं तेच.

म्हणून यूपीआयचा पिन पोराला देऊ नका, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून ठेवा. आणि कधी वाढदिवसाला त्यानं डायमंडच मागितले, तर "असल्या गोष्टीला पैसे नाही" म्हणण्याआधी विचार करा. रक्कम आधी ठरलेली असेल, खर्च आपल्या समोर होणार असेल, तर वाढदिवसाची भेट त्याच्या आवडीची का नको?

पैसे लावून खेळायचे गेम हा वेगळा मामला आहे आणि तिथे माझ्या मनात कसलाही मऊपणा नाही. रमी, पैज, रोजची 'टीम लावणं' यांनी किती घरं पोखरली ते आपण ऐकून आहोत. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे पैशांचे व्यवहार, सगळ्यांवर बंदी आणली. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला आणि साध्या करमणुकीच्या गेमना मात्र मान्यता दिली. जो फरक कायद्याला कळला तो आपल्यालाही घरात करता यायला हवा. पोरांनाही तो सांगायला हवा, तोही नुसता "जुगार वाईट" म्हणून नाही. कुठे खेळ संपतो आणि कुठे पैसा सुरू होतो, ते फोनवर बोट ठेवून दाखवायचं.

"पण व्यसन लागलं तर?" ही भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी 2022 पासून लागू झाली. पण त्यांनी सांगितलेली लक्षणं नीट वाचली तर थोडा धीरही येतो. खेळण्यावर ताबा न राहणं, जेवण-झोप-शाळा-मित्र सगळ्यांपुढे गेमच येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. सुट्टीत चार तास खेळलं किंवा फोन घेतल्यावर पाय आपटले, म्हणजे तो आजार नव्हे. उलट पोरगं जेवत नाही, रात्र रात्र जागतं, मैदान सुटलं, मित्र सुटले, बोलणं सुटलं असं दिसलं, तर वर्ष सरायची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारचा आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कित्येकदा गेम कारण नसतोच. शाळेत कोणी छळत असतं, घरात ताण असतो, आणि गेम हा त्याचा आडोसा झालेला असतो. आडोसा काढून घेतला की पोरगं उघड्यावर पडतं.

रोजच्या कटकटीबद्दल एक सांगू? आपण हाक मारतो, "जेवायला ये." तो म्हणतो, "दोन मिनिटं." थोड्या वेळानं आपण ओरडतो, तर उत्तर येतं, "बंद नाही होत नं आई, मॅच चालू आहे!" आपल्याला ते उद्धटपणाचं वाटतं. पण तो खरं बोलत असतो. सिनेमा थांबवून ठेवता येतो, ही मॅच नाही. बीजीएमआयमध्ये 100 खेळाडू एकदम उतरतात आणि मोठ्या नकाशावरची मॅच अर्ध्या तासापर्यंत चालू शकते. फ्री फायर मॅक्समध्ये 50 जण असतात, ती बरीच लवकर संपते. मधूनच उठलं तर सोबतच्या तिघांचा घात होतो, कमावलेला रँक घसरतो. ते तिघे बरेचदा त्याच्याच वर्गातले असतात आणि सकाळी त्यांना तोंड दाखवायचं असतं.

म्हणून मी आता घड्याळाच्या जोडीला मॅचचा हिशेब धरते. "पोळ्या व्हायला अर्धा तास आहे. एक मॅच होते. दुसरी लावू नको." हे जमतं, कारण यात त्याच्या खेळाचा नियम मला माहीत आहे हे त्याला दिसतं. रोज जमतं असं नाही. थकलेल्या दिवशी माझाही आवाज चढतो. पण भांडण होतं ते वेळेवरून होतं, त्याच्या आवडीवरून नाही, आणि हा फरक त्याला समजतो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर रविवारी दुपारी त्याच्याजवळ बसून विचारा, "कोणता गेम खेळतोस रे? मला दाखव." सुरुवातीला तो संशयानं बघेल, कारण आजवर आपण जवळ बसलो ते फोन घ्यायलाच. बसून राहा. मग तो सांगायला लागेल. हा नकाशा, हे घर, इथून उडी मारायची, हा माझा मित्र, याचं नेट नेहमी अडकतं. त्याला आपल्याला शिकवायला आवडतं. बापानं एकदा हातात घेऊन खेळून बघावं. पहिल्या मिनिटातच बाद व्हाल आणि पोरगं खदखदून हसेल. मग म्हणेल, "बाबा, असं नाही, थांबा, मी सांगतो."

बघता बघता आपल्यालाही प्रश्न सुचतात. हा गेम कोणी केला? कुठल्या देशात? यातलं संगीत कोणाचं? वयाची अट किती आहे? प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमच्या नावाखाली 3+, 7+, 12+, 16+, 18+ असं लिहिलेलं असतं, ते दोघांनी मिळून वाचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर प्राथमिक शाळेतल्या पोरांच्या हातात गोळीबाराचे गेम नकोत. आणि हे मत मी त्याला सांगू शकते, कारण मी तो गेम बघितला आहे. न बघता सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, आणि त्यात त्याचं चुकलंही नसतं.

गेमवर बोलणं सिनेमावरच्या बोलण्यासारखं घरात यायला हवं. जेवताना आपण मालिकेतल्या सुनेवर चर्चा करतो, तसं, "तुझ्या त्या गेममध्ये काल काय झालं मग?" इतकं साधं.

राहता राहिला दहावीचा प्रश्न, जो प्रत्येक घरात निघतोच. दहावी लागली की आपण फोन कपाटात टाकतो, गेम काढून टाकतो, काही जण तर अकाउंटच पुसून टाकतात. आपल्याला वाटतं, पोराच्या भल्यासाठीच केलं. पण त्या अकाउंटमध्ये त्याची कित्येक वर्षांची मेहनत असते, मित्रांची नावं असतात. ते पुसलं की त्याचं मन अभ्यासात लागत नाही, ते त्या पुसलेल्यातच अडकून राहतं. आपल्याकडे आंबिया बहरासाठी संत्र्याच्या बागेला पाण्याचा ताण देतात. जमीन कशी, झाड किती ताकदीचं ते बघून दिवस ठरवतात, आणि ते दिवस भरले की पाणी सोडतात. ताण देणारा शेतकरी झाडावर रागावलेला नसतो.

तसा ताण पोरालाही समजतो, पण तो त्याच्याशी बोलून ठरलेला असला तर. दिवाळीपर्यंत किती, दिवाळीनंतर किती, जानेवारीपासून पेपर संपेपर्यंत अजिबात नाही, की रविवारी एक मॅच चालेल? हे त्याच्याकडूनच येऊ द्या. पोरं पुष्कळदा आपल्यापेक्षा कडक नियम स्वतःला लावतात. गेम फोनवरून काढायचा असेल तर त्याच्या हातानं काढू द्या, अकाउंट मात्र राहू द्या. आणि शेवटच्या पेपरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाल, तेव्हा तिच्याखालीच गेम परत कधी घ्यायचा तेही लिहा. तो दिवस आला की निकालाची वाट न बघता, त्यानं मागायच्या आधी, आपणच फोन काढून त्याच्या हातात द्यायचा.